गुराबेची प्रतिकृति आणि पाठचिकित्सा

दिवाळी जवळ आली म्हणजे आमच्या पनवेलांतल्या वाड्यांच्या अंगणांत, आणि तीं अंगणें आतां नाहींशीं होत चाललीं असल्यामुळें इमारतींच्या जिन्याखालीं, मुलांची किल्ले बांधण्याची गडबड सुरू होते. दगड, विटा, माती आणि जुनें गोणपाट एवढ्या सामग्रीवर रायगड उभा राहतो. त्याच्या उतारावर अळीव उगवतात. दरवाजावर मावळे बसतात. हे किल्ले मी गेलीं तीस वर्षें आवडीनें पाहत आलों आहें. त्यांपैकीं पुष्कळांत इतिहासाची खरी जाण असते. प्रतापगड बांधणारा मुलगा माची कोणत्या बाजूस आणि बालेकिल्ला कोणत्या बाजूस असें विचारल्यावर सहसा अडखळत नाहीं. परंतु ज्या वर्षीं एखादा मुलगा जलदुर्ग करावयास घेतो त्या वर्षीं ही जाण मध्येंच थांबते. परातींत निळें पाणी ओतलें जातें, मधोमध सिंधुदुर्ग बसतो, आणि त्याच्या भोंवतीं वहीच्या कागदाच्या दोन होड्या सोडल्या जातात. तट मोजून बांधलेला, बुरूज मोजून बांधलेले, आणि आरमार मात्र कागदाचें! यांत मुलांचा दोष नाहीं. किल्ला त्यांनीं सहलीस जाऊन पाहिलेला असतो. मराठ्यांची लढाऊ गुराब त्यांच्या बापानें पाहिलेली नसते, आणि आजोबांनींहि पाहिलेली नसते.

पुस्तकांचें परीक्षण करण्याची या पानांची रीत आहे. तेथें लांकडाच्या वस्तूचें परीक्षण आलेलें पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ऐतिहासिक नौकेची प्रतिकृति ही पाहण्याइतकीच वाचण्याचीहि वस्तु आहे, असें माझें मत होत चाललें आहे. तिच्यांतली प्रत्येक फळी हें एक विधान असतें. डोलकाठ्या दोन कीं तीन, नाळ उंच कीं पुढें लोटलेली, तोफा बाजूंना किती आणि समोर किती, या प्रत्येक प्रश्नाला कारागिराला उत्तर द्यावें लागतें. इतिहासकार 'याविषयीं साधनें मूक आहेत' असें लिहून पुढच्या परिच्छेदाकडे वळूं शकतो. प्रतिकृति करणाऱ्याला ती सवलत नाहीं. त्याच्या नौकेला मागची बाजू असावीच लागते. या सक्तींतून या कलेचे बरेचसे गुण आणि बरेचसे दोष उत्पन्न होतात, आणि मराठ्यांच्या गुराबेच्या बाबतींत दोषांचें पारडें जड झालें आहे असें मला दिसतें.

विषयाला हात घालण्यापूर्वीं पनवेलचा त्याच्याशीं असलेला संबंध सांगितला पाहिजे. गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे १६५९ सालीं गेलेल्या पत्रांत, शहाजीच्या मुलानें भिवंडी, कल्याण व पनवेल येथें लढाऊ गलबतें बांधलीं असल्याची वार्ता आहे. मराठी आरमाराच्या जन्मकाळच्या बंदरांत आमच्या गांवाचें नांव एका परक्या व धास्तावलेल्या अधिकाऱ्यानें नोंदवून ठेवलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत येथील सुतार प्रसिद्धीस आले ते गाडीच्या चाकांबद्दल. घाटावरून आलेला गाडीवान परत जातांना पनवेलची चाकांची जोडी घेऊन जात असे. आज खाडी गाळानें भरली आहे आणि तिच्या अंगावर २०२५ सालीं विमानतळ सुरू झाला आहे. बांधलेल्या त्या पहिल्या गलबतांचें एक खिळासुद्धां कोणी दाखवूं शकत नाहीं.

या छंदांत मी शिरलों तो मात्र इंग्रजी वाटेनें. आमच्या पिढीला सागरी पराक्रम म्हटला म्हणजे ट्रॅफल्गार आठवावयाचें, असेंच आमचें शिक्षण होतें. पंधरा वर्षांपूर्वीं मीं 'व्हिक्टरी' या जहाजाच्या शंभरास एक प्रमाणाच्या प्रतिकृतीची पेटी विकत आणली आणि सुट्टीच्या दिवसांत दोन वर्षें खपून ती पुरी केली. १७६५ सालीं पाण्यांत उतरलेलें हें जहाज अद्याप पोर्टस्मथ येथें जपून ठेवलेलें आहे. त्याचे नकाशे आहेत, मोजमापें आहेत, दुरुस्त्यांच्या नोंदी आहेत. पेटींत कणा, आडवे छेद आणि फळ्या क्रमवार कापून ठेवलेल्या होत्या. फळ्या पाण्यांत भिजवावयाच्या, ऊब देऊन वांकवावयाच्या, एकीला एक भिडवून चिकटवावयाच्या, मग डोलकाठ्या, मग दोरखंडांच्या शिड्या, ज्यांच्या शेंकडों गांठी चिमट्यानें एकएक माराव्या लागतात. या कामानें हाताला शिस्त लागते आणि अहंकार उतरतो. परंतु त्यांतलें माझें कर्तृत्व छापील पुस्तकाची सुंदर अक्षरांत नक्कल करणाऱ्या लेखनिकाएवढेंच होतें. पाठ निश्चित होता. मला फक्त चुकावयाचें नव्हतें.

हें वैभव केवळ इंग्लंडांत बांधलेल्या जहाजांच्याच वांट्याला आलेलें नाहीं. 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारच्या सागवानांत बांधलें आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं तें पाण्यांत उतरलें. तें आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे, आणि जगांत तरंगत राहिलेल्या अतिशय जुन्या युद्धनौकांत त्याची गणना होते. त्याच्या नकाशांची हकीकत मनोरंजक आहे. मुंबईकडे निघालेले पहिले नकाशे 'जावा' या जहाजावर होते. तें जहाज १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन नौकेनें हरविलें आणि नष्ट केलें. तेव्हां नकाशांची दुसरी प्रत पाठविण्यांत आली. ज्या राज्याच्या दप्तरांत बुडालेल्या कागदाची दुसरी प्रत निघते, त्या राज्याच्या जहाजांची प्रतिकृति दोनशें वर्षांनंतरहि करतां येते. मुंबईच्या सुतारांचे हात आणि कोंकण-मलबारचें लांकूड दोन्ही पक्षांकडे होतें. इंग्रजांपाशीं त्यांखेरीज कागद होता.

आतां मराठ्यांच्या गुराबेकडे वळूं. तिचा एकहि बांधणीचा नकाशा माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं, आणि मूळ गुराब तर कोठेंच उरलेली नाहीं. तुळाजी आंग्र्यांचें आरमार १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं विजयदुर्गच्या बंदरांत जळालें. इंग्रजांचा पेटता गोळा, आंग्र्यांनीं पूर्वीं त्यांच्याच कंपनीकडून जिंकून घेतलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला, त्याला आग लागली आणि एकमेकांस खेटून उभीं असलेलीं सारीं गलबतें पेटत गेलीं. समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्ह होते, आणि जमिनीच्या बाजूनें पेशव्यांचें सैन्य इंग्रजांच्या मदतीला उभें होतें, ही गोष्ट कितीहि वेळां वाचली तरी घशाखालीं उतरत नाहीं.

या आगीनंतर सात वर्षांनीं, म्हणजे १७६३ सालीं, रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या नोकरानें आपल्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि गुराबेचें मला ठाऊक असलेलें सर्वांत नेमकें वर्णन त्यांत आहे. आपल्या नौकेचा उत्तम साक्षीदार ती जाळणाऱ्यांच्या पक्षाचा निघावा, हें आपल्या इतिहासाचें दुर्दैव. परंतु साक्ष चोख असेल तर ती घेतली पाहिजे. ऑर्म सांगतो कीं गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोनांची १५० टनांहून मोठी नसे. तिला पाणी फार थोडें लागे. लांबीच्या मानानें ती पुष्कळ रुंद असे, पण मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाई, आणि पुढें भूमध्य समुद्रांतल्या वल्ह्यांच्या नौकांसारखी लांब नाळ बाहेर आलेली असे. या नाळेवरची तक्तपोशी मुख्य तक्तपोशीच्याच पातळींत असून दोहोंच्यामध्यें एक आडवी भिंत असे. त्या भिंतींत भोंकें पाडून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा समोर रोखलेल्या असत. बाजूंच्या तोफा त्याहून हलक्या. समोरच्या लाटांवर अशी नौका फार आपटे. म्हणून नाळेला कठडे ठेवीत नसत, कीं वर आलेलें पाणी अडून न राहतां वाहून जावें.

हें शेवटचें वाक्य प्रतिकृति करणाऱ्याला रत्नासारखें आहे. त्यांत आकाराबरोबर आकाराचें कारणहि आहे. कठडा नसणें हें दारिद्र्य नव्हे, तो विचार आहे. पाठलाग करतांना समोर तोफा डागणारी, उथळ खाडींत शिरणारी, लाट अंगावर घेऊन सोडून देणारी अशी ही नौका होती, हें त्या न ठेवलेल्या कठड्यावरून कळतें. ऑर्मनें गुराबेच्या जोडीला गलबतांचेंहि वर्णन केलें आहे: सत्तर टनांच्या आंतलीं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचीं, मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असलेलीं, वजन वांचविण्यासाठीं कित्येकांची तक्तपोशी फाडलेल्या बांबूंची. वारा पडला म्हणजे हीं गलबतें गुराबांना ओढून नेत. शत्रूचीं शिडें व डोलकाठ्या गुराबांनीं दुरून निकामी करावयाच्या आणि मग माणसांनीं भरलेल्या गलबतांनीं त्याला वेढा घालावयाचा, अशी लढाईची रीत होती. आतां 'गलबत' हा शब्द आपण कोणत्याहि जहाजाला लावतों. त्या काळीं तो एका निश्चित जातीच्या नौकेचा वाचक होता.

घरची साक्षहि आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत व फार लहानहि नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याखेरीज हालत नाहीं असें अवाढव्य जहाज कामाचें नाहीं, असा त्यांतला आशय आहे. आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये, हीहि ताकीद त्यांत आहे. ऑर्मचें वर्णन आणि अमात्यांचा उपदेश शेजारीं ठेवून वाचले म्हणजे दोन शत्रुपक्षांचे साक्षीदार एकच नौका पाहत आहेत हें ध्यानांत येतें. त्यानंतरची साक्ष दुय्यम प्रतीची. सोल्विन्स या चित्रकारानें गुराबेचें चित्र काढलें, पण तो कलकत्त्यास राहत होता आणि त्याचा काळ विजयदुर्गच्या आगीनंतर तीस-चाळीस वर्षांचा. एदमों पारिस या फ्रेंच नाविक अधिकाऱ्यानें आपल्या १८४१-४३ च्या ग्रंथांत या किनाऱ्यावरच्या नौकांचे मोजून काढलेले नकाशे दिले, पण तोंवर मराठी राज्य जाऊन पंचवीस वर्षें लोटलीं होतीं. त्याच्या नकाशांत व्यापारी फत्तेमारी आहे, लढाऊ गुराब नाहीं.

एवढी साक्ष हातीं असतांना आपल्याकडे ज्या प्रतिकृति होतात त्या कशा असतात? मीं प्रदर्शनांतून, शाळांतून आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांतून ज्या पाहिल्या त्यांचीं नांवें घेण्याचें कारण नाहीं. त्यांचे दोष एकाच घराण्यांतले आहेत. पहिला दोष, उंची. बाजूंच्या भिंती चढवून तोफांच्या दोन, कधीं तीन रांगा लावलेल्या असतात. म्हणजे 'व्हिक्टरी'वर भगवा चढवून तिला कान्होजींची म्हटलेलें असतें. ज्या अवाढव्य जहाजाविरुद्ध आज्ञापत्र बजावतें, नेमकें तेंच त्याच्या भक्तांनीं बांधावें हा विनोद नव्हे काय? दुसरा दोष, नाळ. ती उंच करून तिच्यावर सिंहाचें मुख बसविलेलें असतें आणि भोंवतीं भक्कम कठडा. ऑर्मनें कारणासह सांगितलेली एकमेव गोष्ट अशी पुसली जाते. तिसरा दोष, प्रमाण. अठ्ठेचाळिसास एक प्रमाणाच्या नौकेवर माणूस दीड इंचाहूनहि कमी उंचीचा भरतो. त्यावर चार इंच उंचीचा ध्वज लावला म्हणजे तो त्या माणसांना तिप्पट उंचीचा दिसणार! चौथा दोष, एकटेपणा. गुराब नेहमीं एकटी दाखवितात. ओढणारीं व वेढा घालणारीं गलबतें शेजारीं नसलीं तर ती गुराब संदर्भांतून तोडलेल्या ओवीसारखी होते. शब्द कळतात, अर्थ हरवतो.

या सर्वांच्या मुळाशीं एकच भावना आहे, आणि ती तिरस्कारास पात्र नाहीं. आपलें जळालेलें आरमार इंग्रजांच्या आरमाराच्या तोडीचें होतें असें आपल्याला दाखवावयाचें असतें. परंतु तोडीचें म्हणजे त्यासारखें, असा अर्थ आपण कधीं करूं लागलों? मध्यम बांध्याची, कमी पाण्यावर चालणारी नौका हा या किनाऱ्याच्या खाड्यांना दिलेला जबाब होता. तिला तीन मजले चढविल्यानें तिचा गौरव होत नाहीं. उलट ती होती तशी पुरेशी नव्हती, अशी कबुली आपणच देऊन बसतों.

दुसऱ्यांचे दोष मोजणाऱ्यानें स्वतःचा लपवूं नये. सहा वर्षांपूर्वीं मीं पाव इंचास एक फूट या प्रमाणानें दोन डोलकाठ्यांची गुराब करावयास घेतली. नाळ ऑर्मच्या शब्दाबरहुकूम केली, कठडा ठेवला नाहीं, समोरच्या दोन तोफा बसविल्या. येथपर्यंत साधनें बोलत होतीं. मग मी पिछाडीकडे आलों. ऑर्म नाळेचें वर्णन करतो, पिछाडीचें करीत नाहीं. माझे हात मात्र थांबले नाहींत. त्यांना एक पिछाडी तोंडपाठ होती. मीं खिडक्यांच्या दोन ओळी केल्या, वेलबुट्टी कोरली, बाजूंना सज्जे काढले, आणि झालेलें काम पाहून मी स्वतःवरच खूष झालों. चार विद्वान् मित्रांनीं वाखाणणी केली. एके दिवशीं खाडीपलीकडच्या कोळीवाड्यांतले एक वृद्ध मिस्त्री, ज्यांची हयात मचवे बांधण्यांत गेली, कांहीं कामानिमित्त घरीं आले. त्यांनीं प्रतिकृति हातांत घेतली, उलटी करून तळ पाहिला, पुन्हां सुलटी केली आणि म्हणाले, “मास्तर, काम नामी आहे. पण ही एवढी मागं बसली, तर ओहोटीला खाडीत शिरंल कशी?”

मी निरुत्तर झालों. कमी पाणी लागणारी नौका हें वाक्य मीं पेन्सिलीनें अधोरेखित करून ठेवलें होतें, आणि तिच्याच पाठीवर 'व्हिक्टरी'चें ओझें लादलें होतें. कागद जेथें संपला तेथें माझ्या कल्पनेनें मराठी वाट धरली नाहीं. तिनें शिकविलेली वाट धरली. ती पिछाडी कापून काढावयास मला आठ दिवस लागले. कोरलेली लांकडें अद्याप एका डब्यांत आहेत, टाकवत नाहींत.

त्या मिस्त्रींनींच मला दुसरा धडा लांकडाचा दिला. खऱ्या गुराबा सागवानाच्या, म्हणून प्रतिकृतीलाहि सागवान वापरण्याचा माझा आग्रह होता. परंतु सागाची शीर ठळक असते. फळी अठ्ठेचाळीस पटींनीं लहान केली तरी शीर लहान होत नाहीं, आणि मग प्रत्येक फळीवर दोरखंडाएवढाल्या रेघा दिसूं लागतात. त्यांनीं हेदूचें लांकूड सुचविलें. त्याची शीर बारीक, रंग पिंवळसर, कापणी स्वच्छ. शिडाच्या कापडाचें आणि दोरीचें तेंच. इंचभर जाडीचा दोर या प्रमाणांत अर्ध्या मिलिमीटरचा होतो. साधा शिवणाचा दोरासुद्धां जपून निवडावा लागतो. वस्तु तीच वापरल्यानें सत्य येतें हा भ्रम आहे. सत्य प्रमाणांत असतें, आणि तें राखण्यासाठीं कधीं मूळ वस्तु सोडावी लागते. ऐतिहासिक कादंबरींत जुन्या पत्रांतले शब्द जसेच्या तसे ओतणाऱ्या आमच्या कांहीं लेखकांनीं हेदूच्या फळीवर थोडें मनन करावें.

मग रिकाम्या पिछाडीचें काय करावयाचें? मला उत्तर सांपडलें तें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतांत. त्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं त्याला शास्त्रीय शिस्त लावली, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. शेंकडों हस्तलिखितें ताडून पाहिल्यावरहि जो पाठ संपादकांस पुरता निश्चित वाटला नाहीं, त्याच्याखालीं त्यांनीं नागमोडी रेघ दिली. श्लोक अडत नाहीं, अर्थ लागतो, पण वाचकाला सावध केलेलें असतें: येथें आमचा निर्णय आहे, खात्री नाहीं. त्या एका रेघेंत मला सबंध विद्वत्तेचें शील दिसतें. सुकथनकरांना महाभारताचा अभिमान कमी होता असें कोण म्हणेल?

माझ्या गुराबेला मीं तीच रेघ लांकडाची दिली. ज्या भागांस समकालीन साक्ष आहे ते शिसवी रंगाचे केले: नाळ, तिची उघडी तक्तपोशी, आडवी भिंत, समोरच्या तोफा, दोन डोलकाठ्या. ज्या भागांस समकालीन साक्ष नाहीं पण याच किनाऱ्यावरच्या पुढच्या काळांतल्या नौकांचा आधार आहे, ते हेदूच्या मूळ पिंवळ्या रंगांत ठेवले: तळाचा बाक, सुकाणूची ठेवण. आणि जेथें केवळ माझा तर्क आहे तेथें फळ्या मारल्याच नाहींत. पिछाडीच्या नुसत्या बरगड्या उघड्या सोडल्या. यांतहि कांहीं नवें नाहीं. सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या नौदलासाठीं पाव इंचास एक फूट याच प्रमाणाच्या ज्या उत्कृष्ट प्रतिकृति झाल्या, त्यांच्या तळाशीं फळ्या न मारतां सांगाडा उघडा ठेवण्याचा परिपाठ होता. त्यांनीं सांगाडा उघडा ठेवला तो रचनेचें ज्ञान दाखविण्यासाठीं. मीं ठेवला तो अज्ञानाची हद्द दाखविण्यासाठीं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. सामान्य मनुष्य, विशेषतः मूल, अपुऱ्या वस्तूनें प्रेरित होत नाहीं. त्याला सबंध नौका दाखवा, शंका विद्वानांसाठीं ठेवा. मी याचा विचार पुष्कळ केला, आणि नुकत्याच झालेल्या एका मोठ्या प्रयोगानें मला त्यांत मदत झाली. अजिंठ्याच्या पांचव्या शतकांतल्या चित्रावरून 'कौंडिण्य' ही काथ्याच्या दोरानें फळ्या शिवलेली नौका गोव्यांत बांधण्यांत आली. काम सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झालें, केरळचे बाबू शंकरन् व त्यांचे सहकारी यांनीं शिवण घातली, आणि २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ती नौदलांत दाखल झाली. चित्राखेरीज नकाशा नव्हता. म्हणून आधीं लहान प्रतिकृति करून ती मद्रासच्या आय. आय. टी. मधील पाण्याच्या हौदांत तपासण्यांत आली. प्रतिकृति ही शोभेची वस्तु नसून प्रश्न विचारण्याचें साधन आहे, याचें याहून चांगलें उदाहरण नाहीं. २०२५ च्या डिसेंबरांत पोरबंदरहून निघून ती पुढच्या महिन्यांत मस्कतला पोंचली, तेव्हां समुद्रानें तिच्या सांगाड्याला पावती दिली.

परंतु त्याच नौकेच्या अलंकारांकडे पाहा. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंहव्याल, तक्तपोशीवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर. हडप्पा आणि अजिंठा यांच्यामध्यें दोन हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे. सांगाडा बांधतांना जो कस लावला तो अलंकार निवडतांना सैल झाला, आणि कोणता भाग चित्रांतून आला व कोणता गौरवासाठीं जोडला हें पाहणाऱ्या मुलाला नौकेकडे पाहून कळत नाहीं. एवढ्या सुंदर कार्याला नागमोडी रेघ असती तर त्याचें मोल उणें झालें नसतें. बाकी प्रेरणेविषयीं म्हणाल, तर माझा अनुभव असा आहे कीं घरीं येणारीं मुलें शिसवी नाळेपाशीं क्षणभर थांबतात आणि मग थेट उघड्या बरगड्यांकडे जातात. “येथें फळ्या कां नाहींत?” हा प्रश्न त्यांपैकीं बहुतेकांनीं विचारलेला आहे. पुऱ्या झालेल्या 'व्हिक्टरी'विषयीं 'किती दिवस लागले' याखेरीज कोणीं कांहीं विचारल्याचें मला स्मरत नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची वेळ मात्र झपाट्यानें निघून जात आहे, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे. पिंवळ्या रंगाचा जो भाग मीं केला, त्याचा आधार खाडीच्या चिखलांत पडलेले जुने लांकडी मचवे हा आहे. नवे मचवे आतां फायबरचे होतात. तें कोळी बांधवांच्या सोयीचें आहे आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार खुर्चींत बसणाऱ्यास नाहीं. पण जुने मोडून सरपणास जातात, आणि ज्यांचे हात ती बांधणी जाणतात ते मिस्त्री ऐंशीच्या घरांत आले आहेत. गेल्या उन्हाळ्यांत चार विद्यार्थ्यांस घेऊन मीं असा एक मचवा मोजला. मोजपट्टी, ओळंबा आणि एक वही एवढेंच साहित्य होतें. ओहोटीच्या दोन वेळा साधून कण्याची लांबी, सहा ठिकाणीं रुंदी, नाळेचा कल आणि प्रत्येक बरगडीचें अंतर उतरून घेतलें. मिस्त्री काठावर बसून प्रत्येक भागाचें नांव सांगत होते आणि मुलें लिहून घेत होतीं. त्यांतलीं कित्येक नांवें मला कोशांत मिळालीं नाहींत. पंधरा दिवसांनीं आम्ही राहिलेलीं मापें घ्यावयास गेलों तेव्हां तेथें मचवा नव्हता. चिखलांत त्याचा ठसा होता, आणि तोहि भरतीनें अर्धा पुसला होता.

आमच्या वहींत त्या मचव्याच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाचीं मापें आहेत. पिछाडीचीं राहून गेलीं. श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत ज्या वाचकांच्या गांवीं असा एखादा सांगाडा अजून पडलेला असेल, त्यांनीं येत्या ओहोटीला मोजपट्टी घेऊन जावें, आणि मोजावयास मागच्या बाजूनें आरंभ करावा.